नाण्याएवढी नजर

“थांबा. टाच दिसली.”

एवढंच म्हणाले होते ते, आणि मी थांबले. लग्नाआधीचा तो आवाज अजून माझ्या कानात तसाच आहे. कोवळा, जरा घोगरा, घाईत असूनही कुणाला धक्का न लावणारा. चित्रांचं थंडगार दालन, पायाखाली गुळगुळीत फरशी, माझं कोपर त्यांच्या बोटांत, आणि समोर एक भिंत.

“टाच आहे. भेगा पडलेली. आता वर जातो... झग्याची कड. कडेला चिखल. अरे, सुटलं. थांबा हां... सापडलं. बोट. बोटाशी सुई.”

“पण चित्र कशाचं आहे?”

“ते शेवटी कळेल,” ते म्हणाले. “मलाही अजून कळलेलं नाही.”

मी जन्मापासून आंधळी. त्यांना दिसायचं, पण नाण्याएवढं. नजरेच्या कडा लहानपणापासून विझत आलेल्या, मधोमध उजेडाचा एक छोटा गोल तेवढा राहिलेला. त्या गोलात मावेल तेवढं जग. म्हणून तर ते घड्याळजी झाले. घड्याळाच्या पोटात डोकावायला त्याहून मोठी नजर लागतच नाही. आमच्या ब्रेल छापखान्याच्या खाली त्यांचं दुकान होतं. मी वर छापून आलेल्या ठिपक्यांवरून बोटं फिरवत चुका धरायची, आणि खालच्या घड्याळांची टिकटिक माझ्या तळव्यांना गुदगुल्या करायची.

आमच्या लग्नाला आईने नाक मुरडलं होतं. “एक पूर्ण आंधळी, एक पाऊण. संसार करणार की लपंडाव खेळणार?”

तेव्हा घड्याळजी म्हणाले होते, “नाण्याएवढी नजर आहे माझ्याकडे. दोघांत पुरवून वापरू.”

आणि पुरवली त्यांनी. सुईचं नाक, मुलीच्या बोटात रुतलेलं कुसळ, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, सगळं त्या गोलातून गेलं. रस्ता मात्र गोलात मावायचा नाही. तिथे माझे कान आणि त्यांचा गोल मिळून आमचा एक धड माणूस व्हायचा. आणि सुट्टी आली की चित्रं. टाचेपासून निघायचं, झग्याच्या कडेने चढायचं, वाटेत एखादं बटण, एखादा तीळ, आणि शेवटी कधीतरी चेहरा. एकदा घोड्याच्या चित्रात त्यांना घोडाच सापडला नव्हता. लगाम सापडला, रिकीब सापडली, एक माशीसुद्धा सापडली. मी चिंध्या जोडाव्यात तसे ते तुकडे मनात जोडत राहायची. माझ्याकडची सगळी चित्रं अशी ठिगळांची आहेत, आणि मला ती तशीच हवीत.

म्हणून यंदाच्या एका सुट्टीत मला खटकलं.

संग्रहालयाने नुकत्याच आमच्यासारख्यांसाठी सोयी केल्या होत्या. प्रत्येक चित्राखाली एक चिमुकलं यंत्र बसवलेलं. आपला फोन जवळ गेला की त्याला खूण मिळते आणि कानात चित्राचं वर्णन सुरू होतं. काही चित्रांचे संगणकावर नकाशे काढून यंत्राने उठावाच्या पाट्या कोरल्या होत्या, हात फिरवून बघायला. मला कोण आनंद झाला होता! पण घड्याळजींनी फोन माझ्या पर्समधून बाहेर काढूच दिला नाही.

“यंत्र कशाला? मी आहे ना.”

आणि लागले सांगायला. “चित्राच्या मध्यभागी एक वृद्ध स्त्री बसली आहे. डावीकडच्या खिडकीतून तिच्यावर उजेड पडतो आहे. पार्श्वभूमी गडद आहे.”

“काय आहे गडद?”

“पार्श्वभूमी.”

हा माणूस एवढ्या वर्षांत एकदाही पार्श्वभूमीवर गेला नव्हता. मध्यभाग, डावीकडे, उजवीकडे, सगळं चित्र ताटात वाढल्यासारखं एकदम समोर. नाण्याएवढ्या गोलात एवढं मोठं ताट मावलं कसं?

“टाच नाही का तिला?” मी विचारलं.

ते जरासे हसले. “टाच झग्याखाली आहे गं.”

चुका धरणाऱ्याचं बोट एकदा अडखळलं की पुढची सगळी ओळच संशयाची वाटते. घरी आल्यावर माझे कान घरभर बोटांसारखे फिरू लागले. घड्याळजी चालताना भिंतीला तळहात घासतात, रंगाची बारीक खरखर येते. ही खरखर आधी नव्हती. चहाचा कप ठेवण्याआधी टेबलावर करंगळी टेकवतात. परवा माझ्या हातातला ग्लास त्यांच्या कोपराने उडाला तर म्हणाले, “मध्येच कुठे उभी राहतेस!” मी मध्ये नव्हते. मी कडेला होते, त्यांच्या गोलाबाहेर असेन, असं म्हणून सोडून दिलं. दुकान त्यांनी थंडीआधीच बंद केलं होतं. “हल्ली घड्याळ दुरुस्त कोण करतं? बिघडलं की फेकतात.” तेही मी खरं धरलं होतं. खरंही होतंच म्हणा ते.

आणि मग ती बाई आली.

सकाळी घड्याळजी बाथरूममध्ये. मी दारावरून जाते तर आतून बाईचा आवाज. हळू, गोड, एका श्वासात न संपणारा. मी दाराला कान लावला. या वयात दाराला कान लावण्याची माझ्यावर वेळ आली.

“...तिच्या डाव्या खांद्यावरून शाल घसरलेली आहे. खांदा उघडा आहे. ती आपल्याकडे बघत नाही...”

घड्याळजी खोकले. भसकन नळ सुटला.

मी मुलीला फोन केला. तिच्यापाशी नाही बोलणार तर कुणापाशी?

“बाथरूममध्ये?” ती खो खो हसत सुटली. “अगं आई, बाबांनी जागा तरी बरी निवडायची! आणि खांदा उघडा म्हणजे? बाबांना खांदा दिसायलाच अर्धा तास लागेल!”

“हसू नकोस. काहीतरी लपवतायत ते.”

“वाढदिवसाला काहीतरी आणतायत तुझ्यासाठी. तू ना, घरातसुद्धा मुद्रितं तपासतेस.” मग तिचा आवाज कामाचा झाला. “हे ऐक. सोमवारपासून माझं ऑफिस सुरू. भिंगरीला दुपारी तुमच्याकडे सोडते. पाळणाघरात ती रडून घर डोक्यावर घेते. तुम्ही दोघं आहात, आणि बाबांना दिसतं तेवढं बास आहे. मी बाबांशी बोललेय, ते हो म्हणालेत.”

भिंगरी म्हणजे आमची नात. नुकती चालायला लागलेली. चालायला कसली, सुटायला. आमच्या घराचं दार उघडलं की समोर जिना.

आंधळेपणाची मला भीती नाही. मी याच घरात एक मुलगी वाढवली. तिच्या बुटांना घुंगरं बांधली होती, जिन्याचं फाटक स्वतःच्या हाताने ओढून बघितल्याशिवाय मी घोटभर पाणी पीत नसे. दिसत नाही हे ठाऊक असलं की हात जागे राहतात. मला भीती वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. जो माणूस आपल्याला दिसतंय असं म्हणतो तो फाटक ओढून बघत नाही. तो काठी घेत नाही, विचारत नाही, चाचपत नाही. तो लांबूनच म्हणतो, “बंद आहे की!” आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

एवढं मनात आलं, आणि मी ते तिथेच दाबलं. त्यापेक्षा बाथरूममधली बाई परवडली असती.

दोन दिवसांनी छापखान्याच्या गाडीने मी एकटी संग्रहालयात गेले. चित्रांखालच्या ब्रेल पाट्या तपासायचं काम आमच्याकडे आलं होतं. दारातच एक बाई पुढे आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “या, या. मी इथली वर्णनं लिहिते.”

हळू, गोड, एका श्वासात न संपणारा आवाज. मी माझा हात काढून घेतला.

“आपली ओळख आहे,” मी म्हणाले. “तुम्ही रोज सकाळी आमच्या बाथरूममध्ये असता.”

“काय?”

“खांद्यावरून शाल घसरलेली आहे.”

बाई इतक्या हसल्या की कुठल्या तरी पहारेकऱ्याने घसा खाकरला. “ती आमची सफरचंदवाली आजी! वर्णनं मीच लिहिते, मीच बोलते. संकेतस्थळावरही टाकलीत ना, घरबसल्या ऐकता येतात. म्हणजे तुम्ही घड्याळजींच्या मिसेस! अहो, ते फार मन लावून ऐकतात. मधूनमधून फोनही करतात.”

“कशाला?”

“कोणतं चित्र कुठल्या भिंतीवर, दारातून आत आल्यावर आधी कोणतं, नंतर कोणतं, सगळं विचारून घेतात. मी म्हटलंसुद्धा, फोन जवळ नेला की तो आपोआप सांगतो, तुम्ही पाठ कशाला करताय? तर म्हणाले, सवय आहे.”

मग त्यांनी मला कोरीव पाटीपाशी नेलं. मी बोटं फिरवली. बोटांना शालीची चुणी लागली, गालाचा उंचवटा लागला, सफरचंदाची गोलाई लागली, पण डोक्यात काहीच शिरेना. ज्याला भिंत दिसते तो भिंतीवरच्या चित्रांचा क्रम कशाला पाठ करेल?

त्या संध्याकाळी मीही एक चोरी केली. सगळी वर्णनं ऐकून काढली, आणि फोनला जोडायचा कानातला बारीक मणी आणून ठेवला.

रविवारी आम्ही दोघं संग्रहालयात गेलो. मणी डाव्या कानात, वर केस. घड्याळजी उजवीकडे. फोन पर्समध्ये जागा. दालनात शिरताना त्यांचा अंगठा माझ्या कोपरावर हलत होता. पहिलं चित्र. त्यांचं सांगणं आणि डाव्या कानातलं सांगणं पाठोपाठ चाललं होतं, एकाच गाण्यात मागून सूर धरावा तसं. दुसरंही तसंच. मला वाटलं, चला, निदान जागा तरी बरोबर आहेत. काय बाई झालं होतं मला, त्यांचा लबाडपणा नीट जमावा म्हणून मीच देव पाण्यात घालून बसले होते.

मग आम्ही सफरचंदवाल्या आजीपुढे आलो. घड्याळजींनी श्वास घेतला.

“मध्यभागी एक वृद्ध स्त्री बसली आहे...”

आणि डाव्या कानात बाई म्हणाल्या, “या जागेवरचं चित्र आज दुरुस्तीसाठी उतरवलं आहे. त्याऐवजी इथे किनाऱ्याचं एक चित्र लावलं आहे. वाळूत एक होडी उलटी घालून ठेवली आहे.”

“...तिच्या हातात अर्धवट सोललेलं सफरचंद आहे.”

“होडीच्या सावलीत एक कुत्रं झोपलं आहे.”

“डोळे बघ ना तिचे. किती थकलेत.”

“चित्रात माणूस नाही.”

दोन कानांत दोन माणसं, आणि मधे मी. घड्याळजी थांबेनात. आजीच्या हाताच्या शिरा झाल्या, शाल झाली, खांदा झाला. मग आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, “आणि कानामागे एक बट सुटलीय. पांढरी. तुझी सुटते तशी.”

बट कुठल्याच वर्णनात नव्हती. मी ऐकलं होतं, अक्षरन्‌अक्षर ऐकलं होतं. ती बट त्यांनी माझ्यासाठी घातली होती, रिकाम्या वाळूवर.

आमच्या मागे कुणाच्या तरी चपला वाजत आल्या आणि थांबल्या. ओळखीचा गोड आवाज “अहो, आज तिथे...” एवढं म्हणाला. मी पाठीमागे हात नेऊन पंजा हलवला. बाईंना कळलं असावं. पुढचे शब्द आले नाहीत, चपलाही परत वाजल्या नाहीत.

“कसं वाटलं?” घड्याळजींनी विचारलं.

“छान,” मी म्हणाले. “थकलीय बिचारी.”

बाहेर रस्त्यावर आलो. पूर्वी ते म्हणायचे, “लाल गाडी जाऊ दे, मग निघू.” आज काही म्हणाले नाहीत. इतरांची पावलं हलली तशी तेही हलले. मी त्यांचा हात धरला होता आणि ते त्या परक्या पावलांना धरून चालले होते. मधेच कोणी थांबलं असतं तर?

तिथेच विचारावं असं ओठांवर आलं होतं. पण खरं असं कुसळासारखं चिमटीत धरून ओढायचं नसतं, ते तुटतं आणि अर्धं आतच राहतं. आणि आणखी एक होतं, मलाही ते बोलायचं नव्हतं. मी बोलले असते तर त्या क्षणी आमच्या दोघांचं नाणं संपलं असतं. म्हणून घरी आल्यावर मी फक्त विषयाच्या बाजूबाजूने फिरले.

“उद्या भिंगरी येणार. जमेल ना तुम्हाला?”

“न जमायला काय झालं?”

“फार पळते ती.”

“पळू दे. माझं लक्ष असेल.”

“फाटकाची कडी सैल झालीय का हो? जरा बघता?”

खुर्ची सरकली. भिंतीवरून तळहात खरखरत दारापर्यंत गेला. मी वाट बघत होते, कडीचा आवाज येतोय का. नाही आला. तेवढ्यात ते परतलेसुद्धा. “ठीक आहे की,” म्हणाले.

मग मीच उठले. कडी ओढून बघितली. ती लागलेलीच नव्हती.

सोमवारी मुलगी आली ती वाऱ्यासारखी. एका हातात पोरगी, दुसऱ्या हातात पिशव्या. “आई, दूध फ्रिजमध्ये ठेवते. खिमटात मीठ घालू नकोस. बाबा, हिला खाली ठेवतेय हं, जरा बघा!”

“ठेव ठेव. बघतोय मी.”

मुलगी स्वयंपाकघरात गेली. भिंगरीची पावलं थपथप फिरली, खुर्चीमागे गेली, परत आली, एक खेळणं आपटलं. मग थांबली. ज्यांनी कानांनी पोरं वाढवली त्यांना त्या थांबण्याचा धाक असतो. मी हातातलं काम टाकणार तोच माझ्या गुडघ्याला दोन ओले पंजे येऊन चिकटले. ती माझ्यापाशी उभी होती, माझ्या मांडीवर गाल टेकून, चिडीचूप. अंगठा चोखत असावी.

आतून मुलीने हाक दिली. “बाबा, काय करतेय ती? आवाज नाही तिचा.”

“ही काय,” घड्याळजी म्हणाले, “माझ्यासमोर बसलीय. खेळतेय ठोकळ्यांशी.”

माझा हात पोरीच्या डोक्यावर होता. तिच्या टाळूखाली नाडी उडत होती. डबे लावल्याचे आवाज आतून येतच होते. मुलीचं समाधान झालं होतं. ती आता चपला घालणार होती. दार उघडून जाणार होती. आणि रोज दुपारी हेच उत्तर मिळणार होतं, या घरात, त्या जिन्याशेजारी. मी ठरवलं, तिची चप्पल वाजली की मी बोलणार. मग माझ्या माणसाचं माझ्या हातून काय व्हायचं ते होवो.

पण त्याआधी मी अगदी हळू, त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, “अहो. ती माझ्यापाशी आहे.”

त्यांचा हात समोर फरशीवर फिरलेला मला ऐकू आला. एक ठोकळा लागला. तो कलंडला. हात आणखी पुढे गेला, आणखी पुढे, तिथे कुणी नव्हतं.

“किती दिवसांपासून माहितीये तुला?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही सांगाल तेव्हापासून.”

त्यांनी नाक ओढलं. मुलगी बाहेर आली, पर्सचा पट्टा खांद्यावर चढवत. “चला, निघते मी. बाबा, फाटक लावून घ्या माझ्यामागे. दिसतंय ना...”

“थांब,” घड्याळजी म्हणाले. “जाऊ नकोस. बस जरा.”

“उशीर होईल हो बाबा.”

“होऊ दे.” त्यांचा आवाज फुटला, मग परत सांधला. “मला दिसत नाही. थोडंसुद्धा नाही. दुकान मी कंटाळून बंद नाही केलं, काटा कुठे आणि चाक कुठे तेच कळेनासं झालं म्हणून केलं. तुझ्या आईला हल्ली चित्रं सांगायचो ती ऐकून सांगायचो. तुला नाही सांगितलं, हिला नाही सांगितलं, डॉक्टरांकडेसुद्धा परत गेलो नाही. आत्ता तू विचारलंस ना, काय करतेय ती? मी म्हटलं, माझ्यासमोर खेळतेय. पोरगी कुठे होती ते मला माहीत नव्हतं.”